पेटीनं घेतलेली हजेरी

मुलांनो, आमच्या शाळेच्या संगणक खोलीत भिंतीवर एक चपटी पेटी आहे. तिला म्हणतात स्विच. दिव्याच्या बटणालाही स्विचच म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला माझाच घोटाळा व्हायचा! सगळ्या संगणकांच्या वायरी या पेटीत येतात. एकाचा निरोप दुसऱ्याकडे नेमका पोचवायचं काम तिचं.

मागच्या पावसाळ्यात एका सोमवारी मी पेटीचा प्लग लावला. दिवे लुकलुकले, पण एकाही संगणकावर इंटरनेट येईना. मी प्लग काढला, लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला. काही नाही! शनिवारी खोली झाडायची पाळी चौथीतल्या एका मुलाची होती. "पेटीला हात लावलास ना?" मी सगळ्यांसमोर विचारलं. "नाही बाई," म्हणाला आणि खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं, खोटं बोलतोय.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले दादा आले. म्हणाले, "बाई, आधी दोन मिनिटं हाताची घडी घालून नुसतं बघा."

तेव्हा कळलं, की ती लुकलुक म्हणजे पेटीची हजेरी! वीज मिळाली की ती आधी स्वतःला तपासते. याला 'पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट' म्हणतात. पेटीतला प्रोग्रॅम म्हणजे शेवटी आकडेच. त्यांची बेरीज करून ती नोंदवलेल्या बेरजेशी ताडून बघायची. मग स्मरणकोशाची पाळी. तिथं ०१०१०१०१ लिहायचं, वाचून बघायचं. मग उलट १०१०१०१० लिहायचं, पुन्हा वाचायचं. दोनदा कशाला? अहो, एखादा कप्पा १ वरच अडकला असेल, तर जिथं १ च हवा तिथं तो पहिल्या खेपेला सहज पास होईल. उलट लिहिलं, की सापडलाच!

सगळ्यात गंमत वायरींच्या खाचांची, म्हणजे पोर्टची. प्रत्येक पोर्ट एक निरोप पाठवतो आणि तो बाहेर न सोडता आतल्या आत वळवून स्वतःच ऐकतो. याला म्हणतात लूपबॅक. सगळं जुळलं, की आमच्या पेटीचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होतो. बिघाड असला तर नारिंगी होतो.

दिवा हिरवा, स्थिर. सोमवारीही तो तसाच होता, फक्त मला वाचता आला नव्हता.

"मग इंटरनेट का नाही?" मी विचारलं.

"निरोप आतच वळतो ना बाई! बाहेरच्या वायरीचं तिला या तपासणीत काय कळणार?" दादांनी कपाट सरकवलं. इंटरनेट आणणारी वायर उंदरानं कुरतडली होती.

मी तशीच चौथीच्या वर्गात गेले. सगळ्यांसमोर विचारलं होतं, तर चूकही सगळ्यांसमोरच कबूल करायला हवी होती. तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत मात्र हळूच येऊन म्हणाला, "बाई, तो दिवा मला दाखवाल?"

आता सकाळी प्लग लावायचं काम त्याच्याकडे आहे. दिवा स्थिर होईपर्यंत तो कुणालाही संगणकाला हात लावू देत नाही. मलासुद्धा!