दोन दहावे सीझन

एखादी मालिका वर्षानुवर्षं बघितली आणि शेवट मात्र राहून गेला, असं तुमचं कधी झालंय का? माझ्या आईचं झालंय. मालिका होती 'द एक्स-फाइल्स'. नव्वदच्या दशकात आमच्या इंदूरच्या घरी केबल आली तेव्हा आई नवी सून होती. रात्री सगळे झोपले की आवाज अगदी बारीक करून ती हे भाग बघायची. मग मी झाले, माझी रडारड सुरू झाली आणि तिचं बघणं सुटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एफबीआयचे दोन एजंट. फॉक्स मल्डरचा परग्रहवासीयांपासून भुताखेतांपर्यंत सगळ्यांवर विश्वास, आणि डॉक्टर असलेली डेना स्कली प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारी. अमेरिकेत 10 सप्टेंबर 1993 ला सुरू झालेली ही मालिका नऊ सीझननंतर मे 2002 मध्ये संपली. आई बीएस्सी, त्यामुळे तिची स्कली लाडकी. "पुरावा कुठंय?" हा प्रश्न मी लहानपणी खोटं बोलताना किती वेळा ऐकलाय, विचारू नका.

आता मी बेंगळुरूत कंटेंट रायटर आहे. रोज रात्री नऊला आईचा फोन. जेवलीस का, काय जेवलीस, त्या स्थळाचं काय ठरवलंस. चार मिनिटांत फोन संपतो. तुमच्याकडेही असंच असेल तर त्या चार मिनिटांनंतरची शांतता तुम्हाला ठाऊक असेल.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा तिचा राहिलेला नववा सीझन ओटीटीवर लावला. म्हटलं, जरा खूश होईल. पण तिथेच घोळ झाला. मालिकेत बायर्स, फ्रोहिकी आणि लँग्ली नावाचे तीन विक्षिप्त मित्र आहेत. सरकारची गुपितं उकरून काढणारे, मल्डरला वेळोवेळी मदत करणारे. त्यांना सगळे 'लोन गनमेन' म्हणतात. नवव्या सीझनच्या 'जंप द शार्क' या भागात एक जीवघेणा विषाणू पसरू नये म्हणून हे तिघं स्वतःला आत कोंडून घेतात आणि मरतात.

"तिघंही?" आईने विचारलं. मग उठून मेथी निवडायला बसली. उरलेले भाग तिने बघितलेच नाहीत.

बेंगळुरूला परतल्यावर शोधाशोध करताना मला कॉमिक्स सापडलं. जून 2013 मध्ये, मालिकेला वीस वर्षं होत असताना, आयडीडब्ल्यू या अमेरिकी प्रकाशनाने 'द एक्स-फाइल्स: सीझन 10' काढायला सुरुवात केली. लेखक जो हॅरिस, सुरुवातीची चित्रं मायकल वॉल्श यांची, आणि कार्यकारी निर्माता म्हणून नाव खुद्द मालिकेच्या निर्मात्याचं, ख्रिस कार्टर यांचं. म्हणजे कुणा चाहत्याने हौसेखातर रंगवलेली वही नव्हती ही. टीव्हीने जिथे सोडलं तिथून पुढे जायचं, असं ठरवूनच केलेलं काम होतं. सुरुवातीला मल्डर आणि स्कली नाव बदलून साधं आयुष्य जगत असतात आणि एफबीआयची संगणक यंत्रणा फोडली गेल्याची बातमी घेऊन त्यांचा जुना साहेब स्किनर दारात येतो. आणि थोडं पुढे गेलं की ते तिघं जिवंत! मेल्याचं फक्त नाटक होतं.

मी तेवढा भाग विकत घेतला आणि घरच्या टॅबवर आईसाठी टाकला.

आधी तिने नाक मुरडलं. "कॉमिक्स? मी काय चंपक वाचू आता?" मग म्हणाली, ही स्कली नाहीच. तिचंही खोटं नव्हतं. वॉल्श फोटो बघून चेहरा गिरवत नाहीत. चार रेघा आणि सावलीचे मोठे ठोकळे, एवढ्यात माणूस उभा करतात. ती शिट्टीसारखी धूनही कागदावर कुठून येणार? पण तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, नऊच्या आधीच. "अगं, ती उभी कशी राहते बघितलंस? ती तीच आहे." त्या रात्री आम्ही चाळीस मिनिटं बोललो. स्थळाचा विषय निघालाच नाही. नंतर तर ती पानं मोठी करून स्क्रीनशॉट पाठवायला लागली. चष्मा कपाळावर चढवून हे सगळं करत असणार, मला खात्री आहे.

पण एक गोष्ट मला माहीत होती आणि तिला नव्हती. 24 जानेवारी 2016 ला खरी मालिका टीव्हीवर परतली, तेच कलाकार घेऊन. त्या सहा भागांनाही 'सीझन 10' म्हणतात. आणि त्यांनी कॉमिक्समधलं काहीच धरलं नाही. तिघं मित्र मेलेलेच राहिले. 2018 मधल्या एका भागात लँग्ली दिसतो, तोही मेल्यानंतर संगणकात उरलेलं मन म्हणून. हॅरिस यांनी 'सीझन 10'चे पंचवीस अंक आणि 'सीझन 11'चे आठ लिहिले होते. 2016 मध्ये त्यांनाच अंक क्रमांक 1 पासून, नव्या टीव्ही मालिकेला जुळेल अशी कथा परत सुरू करावी लागली. माझे लेख क्लायंट एका मेलमध्ये रद्द करतो तेव्हा मी दिवसभर फुगून बसते. इथे तर तेहतीस अंक!

आईला सांगावं की नाही, आठवडाभर ठरेना. अर्धवट सुटलेली गोष्ट तिला आता कुठे परत मिळाली होती. आणि खरं सांगू, मलाही ते चाळीस मिनिटांचे फोन घालवायचे नव्हते. पण जिने मला पुरावा मागायला शिकवलं तिच्यापासून पुरावा लपवायचा? शेवटी सांगून टाकलं.

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "म्हणजे दोन दहावे सीझन आहेत."

"हो."

"आणि एकात ते जिवंत आहेत."

"हो, पण टीव्हीवाल्यांनी..."

"ते कळलं मला. तू पुढचे अंक कधी टाकतेस?"

तेव्हा मी तिला उरलेली बातमीही दिली. टीव्हीने वगळलेल्या त्याच कॉमिक्सवरून 2017 मध्ये 'कोल्ड केसेस' नावाचं श्राव्य नाटक निघालं. मल्डर आणि स्कलीचे आवाज डेव्हिड डुकॉव्हनी आणि जिलियन अँडरसन यांचेच. स्किनर तोच, आणि ते तिघं मित्रसुद्धा मूळ कलाकारांच्याच आवाजात. आईसाठी ते डाउनलोड केलं आणि इयरफोन कुरिअरने पाठवले.

काल नऊला तिचा फोन आला नाही. साडेनऊला मीच केला.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"अगं, आता नको," आई कुजबुजली. "फ्रोहिकी बोलतोय. उद्या कर."