नदीपलीकडची वार्ता

शेजारच्या घरात काही विपरीत घडले, तर त्याची वार्ता भिंतीवरूनच कळावी, हा जगाचा रिवाज होय. परंतु १९४२ साली आमच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात हा रिवाज काही महिने मोडून पडला होता. वर्धा नदीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे आष्टी व चिमूर. पण पलीकडे काय घडले हे उघडपणे व सविस्तर सांगण्याचे काम शेकडो मैल दूर, मुंबईतील एका बंद खोलीत बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीकडे आले. त्या मुलीचे नाव उषा मेहता. तिच्या नभोवाणीचा शेवटचा दिवस १२ नोव्हेंबर १९४२ हा होता, आणि मजला मुख्यतः त्या एका दिवसाविषयीच लिहावयाचे आहे. मात्र त्या दिवसाचे मोल कळावयास प्रथम नदी ओलांडावी लागेल.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर या दोन्ही गावी लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, काही नागरिक पडले, आणि क्षुब्ध जमावाच्या हातून काही अंमलदार व शिपाईही मारले गेले. यानंतर चिमुरास फौज आली. तिने घराघरांत शिरून जे केले, विशेषतः स्त्रियांची जी विटंबना केली, ते छापण्याची वर्तमानपत्रांस मुभा नव्हती.

राहिली नभोवाणी. नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले; तोपर्यंत विदर्भात ज्या थोड्या घरी यंत्र असे तेथे मुंबई-दिल्लीचे कार्यक्रम ऐकावयाचे. एल अलामेनच्या वाळवंटात रणगाडे कोठवर आले, स्टालिनग्राडात झुंज कशी चालली आहे, हे त्या पेटीतून घरबसल्या समजे. लंडनहून तर १९४२ पासून मराठीतही वार्तापत्रे येऊ लागली होती. त्यांपैकी अनेकांचा इंग्रजी मसुदा पुढे जगप्रसिद्ध झालेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या लेखणीतून उतरे, आणि त्या कचेरीत शिरोळच्या वेणू चितळे यांच्यासारखी मराठी माणसे काम करीत. तेथे वाचावयाचा शब्द न् शब्द आधी तपासला जाई. ज्या नभोवाणीस आमची भाषा येत होती तिचे लक्ष महायुद्धाकडे होते. आणि आमच्या शेजारची हकीकत जिने सांगितली ती हिंदुस्थानीत व इंग्रजीत बोलत होती!

ती काँग्रेस रेडिओ. ऑगस्टच्या अखेरीस ती सुरू झाली. आपण ४२.३४ मीटर लांबीच्या लहरींवर हिंदुस्थानातील कोठून तरी बोलत आहोत, एवढाच आपला पत्ता ती सांगे. या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून पुन्हा खाली उतरतात, आणि अशा उड्या घेत दूरच्या मुलुखात पोहोचतात. उषाबाई न्यायाधीशाच्या कन्या, आणि विल्सन कॉलेजच्या, म्हणजे मिशनच्याच एका महाविद्यालयाच्या, पदवीधर. आमच्या शाळेच्या वाचकांस हे वाचून थोडे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. चितगावावरील बॉम्बवर्षाव, जमशेदपूरचा संप, बलियातील घटना आणि आष्टी-चिमूरचे अत्याचार या सर्वांची माहिती आपल्या रेडिओने दिली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ते ध्वनिक्षेपण निःपक्षपाती होते असे मी म्हणणार नाही; तोही प्रचारच होता. पण सरकारी प्रचारात जी जागा कोरी सोडलेली होती ती त्याने भरली, हे कोणासही नाकारता येणार नाही.

पोलिसांची शोधक यंत्रे मागावर असल्यामुळे बिऱ्हाड वारंवार बदलावे लागे. पुढे पुढे कार्यक्रम एका ठिकाणी ध्वनिमुद्रित करावयाचा आणि दुसऱ्या ठिकाणाहून प्रक्षेपित करावयाचा, अशी विभागणी झाली. १२ नोव्हेंबरला बाबूभाई खाकर यांच्या कचेरीवर धाड पडली. उषाबाई तेथून निसटून ध्वनिमुद्रणाच्या जागी गेल्या. तेथे डॉ. राममनोहर लोहिया यांच्या देखरेखीखाली सायंकाळचा कार्यक्रम तयार होत होता. धाडीचे वर्तमान कळल्यावर तो रद्द करणे शहाणपणाचे ठरले असते. परंतु तसे झाले नाही. तबकड्या घेऊन उषाबाई प्रक्षेपणाच्या जागी गेल्या. सोबत चंद्रकांत झवेरी होते. नेहमीप्रमाणे बातम्या झाल्या, भाषण झाले. शेवटची ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरू लागली, आणि दारावर थापा पडल्या. यंत्राची माहिती असलेल्या एका तंत्रज्ञाने पोलिसांस ती जागा दाखविली होती. दारे फोडून अधिकारी आत आले व त्यांनी तबकडी थांबविण्याचा हुकूम सोडला. उषाबाईंनी तो मानला नाही.

दूर कोठे एखाद्या घरी कोणी यंत्राला कान लावून बसले असेल, तर त्याला त्या गाण्यामागे दार फुटल्याचा आवाज ऐकू आला असेल काय? हा प्रश्न माझ्या मनात पुष्कळदा येतो. दुसऱ्या दिवशी त्या लहरींवर केवळ खरखर होती.

खटला चालून उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली. मार्च १९४६ मध्ये त्या येरवड्याहून सुटल्या.

रेडिओ मुका झाला, त्याच आठवड्यात नदीपलीकडे सेवाग्रामास प्राध्यापक भणसाळी यांचा उपवास सुरू झाला होता. चिमूरची चौकशी व्हावी एवढेच त्यांचे मागणे होते. ते आधी दिल्लीस गेले होते, आणि गेले ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे. बापूजींचा जन्म वणीचा, वकिली व सार्वजनिक कार्य यवतमाळचे. उपवासाची बातमी छापण्यासही बंदी झाली, तेव्हा निषेधार्थ देशातील अनेक वर्तमानपत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी आपले अंक बंद ठेविले. १२ जानेवारीस, ६३ दिवसांनी, बंदी उठली व उपवास सुटला. बापूजींनी आपल्या पदाचा त्याग केला तो फेब्रुवारीत, गांधीजींच्या उपवासप्रसंगी. त्यागाविषयी मजला आदरच आहे. तो तीन महिने आधी घडता, तर आम्हां यवतमाळकरांस अधिक ताठ मानेने वर्धा ओलांडता आली असती, असेही वाटून जाते. बापूजींच्या पदराला मंडळात राहून काही करता येईल ही आशा होती, असे त्यांचे चाहते म्हणतात. असेल. परंतु त्या नोव्हेंबरात चिमूरचे गाऱ्हाणे त्यांच्या दिल्लीच्या दाराशी येऊन उभे होते, आणि चिमूरची हकीकत सांगणाऱ्या मुंबईच्या दारावर पोलिसांच्या थापा पडत होत्या.