खाडीपलीकडचे माहेर

आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले होते. हाड उत्तम जुळले होते आणि डॉक्टरांनी चालण्याची मोकळीक दिली होती. तरी दापोलीच्या आमच्या घराचा उंबरठा तिने दवाखान्याखेरीज कशासाठीच ओलांडला नव्हता. वय ब्याऐंशी. दुखण्यापेक्षा पुन्हा पडण्याची धास्ती मोठी होती, आणि ही धास्ती क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही. गुहागरला तिची थोरली बहीण, आमची मावशी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. तिनेही अंथरूण धरलेले. दोघी रोज फोनवर बोलत, पण मावशीला ऐकू कमी येते. त्यामुळे ते बोलणे म्हणजे दोन्ही बाजूंनी नुसता आरडाओरडा.

‘‘अक्काला एकदा डोळ्यांनी पाहायचे आहे,’’ असे आई जानेवारीत म्हणाली आणि आम्ही ते शब्द घट्ट धरून ठेवले.

चिपळूणमार्गे रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, आणि इतका वेळ एका जागी बसून आईचा खुबा आखडतो. दाभोळहून मात्र वाशिष्ठीच्या खाडीतून फेरीबोट थेट पलीकडे धोपाव्याला पोहोचवते. गाडीसकट बोटीत चढायचे, दहा-पंधरा मिनिटांत उतरायचे आणि पुढे गुहागर गाठायचे. आईने मात्र ‘बोट’ हा शब्द ऐकताच मान फिरवली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्या दिवसांत घरातल्या मोठ्या माणसांचे उतरलेले चेहरे तिला अजून आठवतात. आम्ही वाद घातला नाही. आदल्या रविवारी भाऊ एकटा जाऊन बोट पाहून आला आणि त्याने काढलेले छायाचित्र तिला दाखवले. पुष्कळ वेळ निरखून ती म्हणाली, ‘‘ही तर सपाट आहे, ओटीसारखी.’’ तिचा होकार आम्ही एवढ्यावरच गृहीत धरला.

तयारीत आमच्या हातून एक चूक होता होता राहिली. पूर्वी एका प्रवासात कोणीतरी सांगितले म्हणून आईला मळमळीची गोळी परस्पर दिली होती. तिने ती दिवसभर गुंगीत होती आणि संध्याकाळी लघवी अडली. या वेळी डॉक्टरांना आधी विचारले. अशा गोळ्यांनी वृद्धांना झापड येते, तोल जातो, कधी बोलण्यात भ्रमही दिसतो, असे ते म्हणाले. शांत खाडीच्या एवढ्याशा प्रवासाला गोळी कशाला? हलकी न्याहारी द्या आणि दूरच्या किनाऱ्याकडे पाहायला सांगा, एवढाच त्यांचा सल्ला. रक्तदाबासाठीची, लघवी वाढवणारी तिची सकाळची गोळी त्या एका दिवसापुरती मुक्कामी पोहोचल्यावर घ्यायची, हेही त्यांनीच ठरवून दिले. हा बदल घरच्या घरी करण्यासारखा नाही. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने आई प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाही, आणि मग उभी राहताना तिला चक्कर येते. म्हणून कमोडची घडीची खुर्ची गाडीत टाकली. ती पाहिल्यावर तिने आपणहून पाण्याचा पेला मागितला.

दाभोळ आज लहानसे गाव आहे. पण बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात परतीच्या वाटेवर इथूनच जहाजावर चढला. आम्हाला त्या इतिहासापेक्षा जेटीच्या उताराची चिंता होती. ओहोटी असली की पाण्यालगतचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असते. पायी चढणाऱ्या वृद्धांचा पाय तिथेच घसरतो. म्हणून भरतीची वेळ पाहून निघालो होतो. बोटीवरच्या मुलांना विचारून आईला गाडीतच बसवून बोटीत नेले. गाडी स्थिर होऊन हातब्रेक लागल्यावर मी तिला, उतरायचे का, असे विचारले. ती गप्प राहिली. एवढ्यात बोटीवरचा एक तरुण प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला, कठड्यापासून हातभर आत ठेवली आणि म्हणाला, ‘‘आजी, इथे वारा चांगला लागतो.’’

आमच्या चौदा महिन्यांच्या विनवण्यांनी जे झाले नव्हते, ते त्या परक्या मुलाच्या एका वाक्याने झाले. वॉकर धरून आई पाच पावले चालली.

पाणी हिरवट, संथ होते. मागे दाभोळची कौले लहान होत गेली. पश्चिमेला खाडीचे मुख आणि त्यापलीकडे उघडा समुद्र दिसत होता. अंजनवेलच्या बाजूकडे बोट दाखवून आई मुंबईच्या आगबोटीच्या आठवणी सांगू लागली. आगबोट खोल पाण्यात थांबे, मग पडावात उतरायचे आणि किनाऱ्याजवळ खलाशी लहान मुलांना खांद्यावर घेत. ‘‘मी भ्यायले नव्हते,’’ असे तिने आवर्जून सांगितले. आम्ही कोणी काही विचारलेही नव्हते.

गुहागर हे माड-पोफळींच्या वाड्यांत लपलेले लांबट गाव आहे. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला समुद्र. व्याडेश्वराच्या दर्शनाचा आग्रह आईनेच सोडला. देव समजून घेईल, म्हणाली. मावशीच्या घरी मामेभावाने दोन्ही उंबऱ्यांवर फळ्या टाकून उतार केला होता आणि शेजाऱ्यांनी हातांची उंच खुर्ची आणून ठेवली होती. पाहुण्याला आमसुलाचे सरबत, तेही विचारून, मीठ बेताने घातलेले. अशी माणसे असली की गाव लहान असले तरी चालते.

मावशीने पलंगावरूनच विचारले, ‘‘काय गो, आलीस?’’

आईने काही उत्तर दिले नाही. खुर्ची ओढून तिचा हात हातात घेतला. दोघी बराच वेळ तशाच बसल्या. मग भांडण सुरू झाले. लहानपणी पडाव वेलदूरला लागत असे की अंजनवेलला? मावशीला ऐकू येत नव्हते, आईला माघार घेता येत नव्हती. फोनवरचा तोच आरडाओरडा, पण आता हातात हात होता.

संध्याकाळी आईला समुद्र पाहायचा होता. कोरड्या वाळूत वॉकरचे पाय रुततात. ओली, घट्ट वाळू चालायला सोपी, पण तिथवर पोहोचणार कसे? आम्ही नाद सोडला आणि वाडीच्या टोकाला, सुरूच्या झाडांखाली खुर्ची मांडली. लाटा तिथूनही दिसत होत्या. परतीची शेवटची फेरी चुकू नये म्हणून मी घड्याळ पाहत होतो.

‘‘आज राहू या,’’ आई म्हणाली. ‘‘गोळ्या उद्या सकाळपर्यंतच्या आणल्यास ना?’’

गोळ्या मी तीन दिवसांच्या आणल्या होत्या.