तसाच दिसणारा बोल्ट

आमच्या किरनापुरात धान वर्षातून दोनदा दुकानाची पायरी चढतं. एकदा आषाढात चिखलणीच्या वेळी, आणि मग दिवाळीनंतर मळणीला. चिखलणीत रोटाव्हेटरच्या पात्यांचे बोल्ट झिजतात, तुटतात. मळणीत थ्रेशर दिवसभर थरथरतो आणि नट सैल होतात. नट-बोल्टचं दुकान घराला लागूनच, त्यामुळे दुपारी हे सामायिकाला बसले की गल्ल्यावर मी. बी.ए.ला मराठी साहित्य घेतलं होतं. पुढे अभ्यास मात्र आट्यांचा करावा लागला.

गिऱ्हाईक घाईत असतं. "काकी, सतरा नंबरचा बोल्ट द्या जी, ट्रॅक्टर बांधीत उभा आहे." आता सतरा हा नंबर पान्याचा, बोल्टचा नव्हे. तो पाना बहुधा 10 मिलिमीटर जाडीच्या बोल्टला लागतो हे खरं, पण लांबी किती, आटे कोणते, हे त्यावरून कसं कळणार? म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, जुना आणला का?" तुटका असला तरी चालतो. ब्लाउजला मॅचिंग अस्तर आणायला आपण साडी पिशवीत घालूनच जातो ना, तसंच हे.

जुना हातात आला की चार गोष्टी पाहायच्या. जाडी, डोक्याखालची लांबी, आटे आणि डोक्यावर कोरलेला आकडा. यातले आटे सगळ्यात फसवे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली बोल्टच्या आट्यांना पहिल्यांदा एक ठरावीक माप सुचवलं. त्यांच्या आट्याचा कोन 55 अंशांचा. अमेरिकेने पुढे 60 अंशांचा धरला, आणि मिलिमीटरवाल्यांचाही 60 चाच, पण त्यांची मापं वेगळी. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, तरी इंच गेला नाही. मॅसी फर्ग्युसन, इंटरनॅशनल हार्वेस्टर ही मुळं इंचवाल्या देशांतली; एचएमटीचा झेटर चेकोस्लोव्हाकियातला, मिलिमीटरवाला. त्यात ट्रॉली गावच्या वेल्डिंगवाल्याने बनवलेली, हाताला आला तो बोल्ट घालून. एकाच शेतकऱ्याच्या अंगणात तिन्ही घराण्यांचे सोयरे नांदतात.

अर्ध्या इंचाचा बोल्ट 12.7 मिलिमीटर जाड असतो. शेजारच्या डब्यातला मेट्रिक 12 चा. डोळ्यांना फरक कळत नाही. पण व्हिटवर्थच्या अर्ध्या इंची बोल्टला एका इंचात 12 आटे, म्हणजे दोन आट्यांत दोन मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर. मेट्रिक 12 च्या जाड आट्यांत ते पावणेदोन. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे चढतोसुद्धा. मग अडतो. पुरुषमंडळी लगेच पाना लावून जोर करतात आणि वाटतं, घट्ट बसला. खरं तर आटे तिथेच मेलेले असतात. माझी परीक्षा साधी आहे. दोन्ही बोल्ट आडवे धरून आट्यांत आटे बसवायचे आणि उजेडाकडे पाहायचं. मधून उजेड दिसला, तर घराणं वेगळं. आणि नट शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी चढला पाहिजे.

डोक्यावरच्या आकड्याचंही असंच. 8.8 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटनपर्यंत ताण सोसणारा, आणि त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत कायमचा न ताणला जाणारा. 10.9 त्याहून दणकट. पण दणकट म्हणजे नेहमी चांगला असं नाही. रोटाव्हेटरच्या शाफ्टमध्ये एक बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. पातं दगडाला, झाडाच्या बुंध्याला अडकलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. शेतकरी वैतागून म्हणतो, "हा दरवेळी तुटते काकी, मजबूतवाला द्या." मजबूतवाला महाग, आम्हाला नफाही जास्त. पण तो दिला तर बोल्ट टिकेल आणि गिअरबॉक्स फुटेल. तुटणं हेच ज्याचं काम, त्याला तुटू द्यावं लागतं.

संध्याकाळी प्रतिक्रमणात व्रतांचे अतिचार आठवताना मला हे डबे दिसतात. तिसरं अणुव्रत अचौर्याचं. आपण म्हणतो, आपण कुठे कुणाच्या घरात शिरलो? पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटं माप आहे आणि प्रतिरूपक व्यवहारही आहे, म्हणजे अस्सलच्या नावाने तसाच दिसणारा माल देणं. जुन्या टीकेत उदाहरण बनावट सोन्याचं आहे. माझ्या गल्ल्यावर ते काही रुपयांच्या बोल्टचं आहे. 'चालून जाईल' हे जाणूनबुजून म्हटलं, की तिथे अचौर्याला तडा जातो.

आणि इथे नुकसान फक्त पैशाचं नसतं. थ्रेशरमध्ये पेंढ्या सारायला अनेकदा बाईच उभी असते, ओढणी कमरेला खोचून. सैल बोल्ट निसटला की पहिला हात तिचा. 1983 साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला, त्यात थ्रेशर नावानिशी आहे. पण कायद्याचा माणूस प्रत्येक खळ्यावर कुठून येणार? तिथपर्यंत पोचतो तो आपल्या हातून गेलेला बोल्ट.

म्हणून जुळणारा नसेल, तर मी सरळ 'नाही' म्हणते. जाडी, लांबी, आटे, आकडा चिठ्ठीवर लिहून देते. गोंदियाला किंवा बालाघाटला मिळून जातो. "एवढ्याशासाठी गोंदियाला?" म्हणून माणूस कुरकुरतो, रागावतोही. रागावू दे. विक्री गेली तरी संध्याकाळी आसनावर बसताना मन हलकं असतं.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणींची घरं दुकानाला लागून आहेत. कुणाचं किराण्याचं, कुणाचं कापडाचं, कुणाचं औषधांचं. तसंच दिसणारं काहीतरी प्रत्येक दुकानात असतं. ते कोणतं, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.