जडवाद आणि धनलोभ

‘जग जडवादी झालें’ हा उद्गार हल्लीं सहज ऐकूं येतो. मोटारी, दागिने, घरें ह्यांची हांव वाढली कीं तिला आपण हें नांव देतों. परंतु ह्या एका शब्दांत दोन अगदीं निराळ्या गोष्टींची गल्लत होते, असें आम्हांस वाटतें.

जडवाद हें मूलतः एक दर्शन आहे. जगाचें मूळ द्रव्य जड आहे, चैतन्य हा त्याचाच परिणाम, व देहाबरोबर तेंहि मावळतें, हें त्याचें म्हणणें. चौदाव्या शतकांतील माधवाचार्यांनीं ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा आरंभ, खंडनासाठीं कां होईना, चार्वाकदर्शनापासूनच केला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत शास्त्राध्ययन केलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांनीं १९४१ सालीं ‘जडवाद’ हा ग्रंथ लिहिला. हा विचार केवळ चैनीची सबब असता, तर अशा पंडितानें त्यासाठीं लेखणी झिजविली नसती. आगरकर (१८५६–१८९५) जडवादी नव्हे, अज्ञेयवादी होते. तरी परलोकाची आशा न धरतां, एम्. ए. होऊनहि, त्यांनीं मोठ्या पगाराची वाट सोडली व अल्प वेतनांत शिक्षणाचें व्रत चालविलें.

धनलोभ मात्र कोणत्याच दर्शनाचा बांधील नाहीं. पैनगंगेच्या खोऱ्यांतील आमच्या उमरखेडास गेल्या माघांत आमच्या पुतणीच्या विवाहाची बोलणीं झालीं. वरपक्ष मोठा भाविक. आत्म्याच्या अमरत्वावर अर्धा तास विवेचन झालें, आणि सुपारी फुटण्याच्या वेळीं मोटार व १५ तोळे सोनें पुढें आलें. १९६१ च्या कायद्यानें हुंडा निषिद्ध, म्हणून त्यास ‘मुलीची हौस’ असें गोंडस नांव! वडील बंधूंनीं कपाशीचें रान विकण्याची तयारी दाखविली. तेव्हां पुतणीच म्हणाली, “काका, मोटारीबरोबर मला फुकट पाठवूं नका.” आम्हीं नकार कळविला. मुलीचें वय एकोणतीस. वहिनींच्या डोळ्यांचें पाणी अद्याप खळलेलें नाहीं, आणि घरांत दोन मतें आहेत.

जगाचें मूळ जड कीं चैतन्य, हा वाद पंडितांनीं खुशाल चालवावा. वस्तूपुढें माणसाची किंमत कमी लेखणें, हा दोष मात्र नास्तिकाच्या माथीं मारून आस्तिकास सुटतां येत नाहीं. तो देवघर असलेल्या घरांतहि सुखानें नांदतो, आणि तेथें तो लौकर ओळखूं येत नाहीं, एवढेंच.