शेवटची फूटभर वायर

यंदा कान तपासून घेतले. आलेखातली रेघ ६००० हर्ट्झच्या पुढे उतरणीला लागलेली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. म्हणजे स्ट्रीमरला नवा लिनिअर सप्लाय लावून दिल्यावर झांजेच्या ज्या झळाळीचं मी गिऱ्हाइकापुढे वर्णन करतो, ती ऐकू येत असेल तर त्यालाच. वर्णन मात्र मी थांबवलेलं नाही.

खालचं शाबूत आहे. ब्रिजमधून निघालेली १०० हर्ट्झची हमिंग मला अजून शेजारच्या खोलीतूनही कळते. काळी एकच्या तानपुऱ्यात मंद्र पंचमाची तार १०४च्या आसपास बोलते. हमिंग तिच्या बगलेत उतरल्या पंचमासारखी दडून बसते आणि जवारी कितीही छान लागलेली असो, मन रमत नाही. म्हणून मी ट्रान्सफॉर्मर नऊ व्होल्टांचाच घेतो. तापला तर तापू दे. संध्याकाळी लाइन पडली तरी रेग्युलेटरला वर जागा उरली पाहिजे.

घोडं अडतं ते त्याच्या पुढे. एलटी ३०४५ या रेग्युलेटरची स्वतःची खरखर ०.८ मायक्रोव्होल्ट. एकट्याचा जीव अर्ध्या अँपिअरचा, म्हणून लोक हौसेने चार-चार शेजारीशेजारी लावतात. आणि तिथून स्ट्रीमरमधल्या रास्पबेरी पायपर्यंत काय, तर चार्जरची बारीक मीटरभर वायर! जाऊन-येऊन ०.१७ ओहम. करंट अर्ध्या अँपिअरने उसळला की बोर्डाच्या पिनेवर ८५ मिलिव्होल्टांचा खड्डा. खरखरीच्या लाखपट.

एक चौरस मिलिमीटरची फूटभर वायर घेऊन थेट पिनेवर डाग दिला की खड्डा पाचावर येतो. पण तो पाचही मला चैन पडू देत नाही. सेन्सच्या तारा पिनेपासून उलट आणल्या तर स्कोपवर रेग्युलेटर थरथरताना दिसतो. कपॅसिटर घालून त्याला शांत करावं, तर उसळी आली की उशिरा जागा होतो. रेग्युलेटरच उचलून बोर्डावर बसवला तर सात-आठ वॉटची शेगडी डॅकच्या उशाशी. या तिढ्यात माझे किती रविवार गेले, हे बायकोला विचारा.

आणि बाजारात विकलं काय जातं? भिंतीपासून डब्यापर्यंतची बोटभर जाडीची केबल. अहो, २३० व्होल्टांच्या बाजूला तेवढ्याच वॉटला करंट किती, पाच व्होल्टांच्या बाजूला किती? तपकीर गल्लीतला कुठलाही जुना मेकॅनिक बोटावर सांगेल. पण जाड केबल समोर दिसते, माझी फूटभर वायर डब्यात झाकलेली.

हाताखालचा पोरगा परवा म्हणाला, "काका, पाय आणि डॅकमध्ये ऑप्टिकल लावली की मधली तांब्याची तारच गेली. पायचा खड्डा पायपाशीच राहील." बरोबर आहे त्याचं. वेगळा डॅक असेल तर मीही तेच लावून देईन. पण त्याने इतक्या सहज प्रश्न मिटवला याचा मला राग आला. मला तो मिटायला नकोय.

तसा मी तरी कुठला साधू! दोन अँपिअरला पुरून उरेल त्याच्या तिप्पट टोरॉइड घालतो, वर जाड ॲल्युमिनियमचं तोंड. डबा हातात जड लागला की गिऱ्हाईक गाणं लागायच्या आधीच निम्मं पटलेलं असतं, आणि मलाही ते बघायला आवडतं. कालच एक तयार झाला. पोरगा बिलबुक उघडून विचारत होता, किती लावू? मी डबा एका हाताने उचलून बघितला आणि आकडा सांगितला.