आधी प्रॉम्प्ट, मग नकाशा

मड म्हणजे अनेकांनी जोडून खेळायचा, नुसत्या मजकुरातला संगणकीय खेळ. त्यात चित्र नसतं. खोलीचं नाव, चार ओळींचं वर्णन, बाहेर पडायच्या वाटा आणि शेवटी प्रॉम्प्ट: किती जीव उरला, किती दम उरला. रॉय ट्रबशॉने १९७८मध्ये एसेक्स विद्यापीठात पहिला मड लिहायला घेतला, रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. खोलीचं नाव आणि वर्णन ही मांडणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. नकाशा तेव्हा खेळाडू कागदावर काढायचे, आता क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या संगणकावरचा प्रोग्रॅम, काढतो. पण खेळ चालवणाऱ्या सर्व्हरचं बोलणं नेमकं कुठे संपलं हे क्लायंटला आधी कळावं लागतं. ‘नकाशा चुकतोय’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

*

प्रॉम्प्टनंतर नवी ओळ सुरू होत नाही. कर्सर तिथेच थांबतो आणि खेळाडू पुढे टाइप करतो. माणसाला हे सोयीचं, क्लायंटला अवघड. सर्व्हरकडून येणारं मजकुराचं पॅकेट कुठेही तुटतं, वर्णनाच्या मधोमधसुद्धा. त्यामुळे अर्धवट ओळ कोणती आणि प्रॉम्प्ट कोणता, हे नुसतं पाहून ठरत नाही.

*

मड ज्यावरून बोलतात त्या टेलनेटच्या १९८३च्या नियमावलीत यावर उपाय आहे: गो-अहेड, म्हणजे २५५ आणि पाठोपाठ २४९ हे दोन बाइट. एसटीच्या कंडक्टरची डबल बेलच ती. माझं झालं, आता तुम्ही निघा. मुळात ही खूण एका वेळी एकाच बाजूने बोलता येणाऱ्या टर्मिनलांसाठी होती. ती टर्मिनलं गेली, मडवाल्यांनी खूण ठेवून घेतली. काही सर्व्हर त्याऐवजी एंड-ऑफ-रेकॉर्ड पाठवतात, त्याचा बाइट २३९. मडलेट या क्लायंटमध्ये ट्रिगर, म्हणजे ठरावीक मजकूर दिसताच आपोआप चालणारे नियम, असतात; त्यांतला ‘प्रॉम्प्ट’ जातीचा ट्रिगर यांपैकी एक आल्याशिवाय चालत नाही. तो गप्प बसला तर ट्रिगर दुरुस्त करत बसू नये. सर्व्हर खूण पाठवतो का, ते आधी पाहावं.

*

खूण येतच नसेल तर क्लायंट घड्याळ लावतो. अमुक मिलिसेकंदांत नवं काही आलं नाही, म्हणजे बोलणं संपलं असं धरतो. मडलेटमध्ये हा वेळ बदलता येतो. टिनटिन या दुसऱ्या क्लायंटमध्ये याच कामाच्या सेटिंगचं नाव पॅकेट पॅच. वेळ कमी ठेवला तर ओळी तुटतात, जास्त ठेवला तर प्रत्येक प्रॉम्प्ट उशिरा उमटतो. सर्व्हर लांब आहे म्हणून वेळ वाढवायची गरज नाही. जोडणी अडखळत असेल, पॅकेटं थांबून थांबून येत असतील, तर वाढवावा.

*

कोपनहेगन विद्यापीठातून निघालेल्या डिकूमडचा वंश मोठा. त्यातल्या रॉम शाखेत प्रॉम्प्ट खेळाडूला स्वतः रचता येतो. %एच म्हणजे उरलेला जीव, %व्ही म्हणजे चालायचा दम. नकाशासाठी खरे कामाचे दोन: %ई, जो खोलीच्या वाटा प्रॉम्प्टमध्येच दाखवतो, आणि %सी, जो ओळ मोडतो.

%सी का, ते असं. तुम्ही स्वस्थ उभे आहात, तेवढ्यात पहारेकरी आत येतो. काही सर्व्हरवर ती बातमी प्रॉम्प्टला चिकटून त्याच ओळीत छापली जाते. मग ‘ओळीच्या सुरुवातीला पहारेकरी’ शोधणारा ट्रिगर आंधळा होतो. प्रॉम्प्टच्या शेवटी %सी घातला की बातमी खालच्या ओळीवर जाते.

*

क्लायंटला दिलेला प्रॉम्प्टचा नमुना ओळीच्या आरंभाला बांधलेला असावा. नाहीतर एखादा खट्याळ गडी गप्पांमध्ये खोटा प्रॉम्प्ट लिहितो आणि तुमचा क्लायंट त्यावर विश्वास ठेवतो.

*

‘नॉर्थ’ टाइप केलं म्हणजे उत्तरेला पोचलो असं नाही. दार बंद असतं, दम संपलेला असतो, कुणीतरी वाट अडवलेली असते. टिनटिनचा नकाशा आज्ञा देताच पुढे सरकतो; अडलात तर ‘अनडू’ करून मागे घ्यावा लागतो. मडलेटची नकाशाची स्क्रिप्ट दिशा लक्षात ठेवते, पण खोली जोडण्याआधी वाटांची ओळ आणि प्रॉम्प्ट यांची वाट पाहते. खोलीचं नावही ती याच मजकुरात शोधते. तिला प्रॉम्प्ट चुकीचा शिकवला, तर आधीच्या लढाईतली ओळ खोलीचं नाव म्हणून नकाशावर चढते.

*

अकेइयासारखे खेळ जीएमसीपी नावाच्या वेगळ्या वाटेने खोलीचा क्रमांक, नाव, प्रदेश आणि वाटा थेट क्लायंटला कळवतात. तिथे अंदाजाचं कामच नाही. सर्व्हरकडे ही सोय असेल तर वरची सगळी खटपट सोडून द्यावी.

*

मड खेळणाऱ्यांत अंध खेळाडू बरेच आहेत. प्रत्येक आज्ञेनंतर स्क्रीन रीडरने तेच आकडे वाचून दाखवायचे, हा छळ. प्रॉम्प्ट नीट ओळखता आला की तो वाचनातून गाळता येतो आणि जीव धोक्याइतका खाली गेला तरच आवाज वाजवता येतो. प्रॉम्प्ट ओळखण्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

*

मडच्याही आधीचा ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ विल क्राउदरने लिहिला. तो केंटकीच्या मॅमथ गुहेत मोजणी करणारा गुहा-भटक्या. खेळातली गुहा तिथल्याच एका खऱ्या भागावर बेतलेली. त्यात एक भूलभुलैया आहे, सगळ्या खोल्यांचं वर्णन एकच. खेळाडू प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकून त्या वेगळ्या ओळखायचे.

नाव आणि वाटा जुळवून खोली ओळखणारा आजचा क्लायंट अशा ठिकाणी हमखास फसतो. दहा खोल्यांची एक करून टाकतो. तिथे आपोआप नकाशा काढणं बंद करावं आणि जुन्या रीतीने वस्तू टाकत हाताने खोल्या जोडाव्यात. एवढंच, की मडमध्ये आपण एकटे नसतो. टाकलेली तलवार मागून येणारा उचलून नेतो. म्हणून खुणेसाठी फुकट दिली तरी कुणी घेणार नाही अशीच वस्तू निवडावी.